हॉस्पिटलची वकिली करायची आहे: नाशिकमधून सुरुवात कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चार-पाच वर्षं दिवाणी दावे, भाडेकरूंच्या केसेस, थोडं महसुली काम केलेला वकील. ओळखीच्या दोन डॉक्टरांनी 'आमच्या हॉस्पिटलचं काम बघाल का' असं विचारलं आहे. हे काम नेमकं काय असतं, त्यासाठी काय शिकावं लागतं आणि त्यावर घर चालतं का?

घर चालतं. पण हे काम म्हणजे निष्काळजीपणाच्या केसेस लढणं, एवढीच समजूत असेल तर ती आधी बदला. केस हा या कामाचा सर्वांत दिसणारा आणि त्या मानाने छोटा भाग आहे. कागद तयार होत असताना तुम्ही हॉस्पिटलला किती उपयोगी पडता यावर पुढचं सगळं ठरतं. मुंबई नाक्याच्या आसपासच्या मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांचं बरंचसं काम त्यांच्या मुख्यालयातला कायदा विभाग बघतो. तुमच्याकडे येणारा पक्षकार बहुधा वीस-चाळीस खाटांचं नर्सिंग होम चालवणारं डॉक्टर जोडपं असेल. त्यांच्याकडे मॅनेजर असतो, अकाउंटंट असतो, कायद्याचं बघणारं कोणी नसतं. नोटीस आली की ती पहिले तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडून राहते. दिवाणी वकिलीतून येणाऱ्याला सर्वांत मोठा धक्का इथे बसतो, म्हणून मुदतीपासून सुरुवात करतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात रुग्णाच्या तक्रारीला लेखी जबाब द्यायला ३० दिवस मिळतात आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. पंचेचाळीसनंतर शेहेचाळिसावा दिवस नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी, जुन्या कायद्याच्या अशाच तरतुदीवर, हे पक्कं केलं. दिवाणी न्यायालयात 'कैफियतीला मुदत मिळावी' असा अर्ज देऊन खर्चासह वेळ मिळवण्याची सवय इथे घातक ठरते. मुदत नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यापासून मोजतात. त्यामुळे पाकीट उघडलं त्या दिवशीच त्यात तक्रार आणि कागद होते की नुसती नोटीस होती, हे मॅनेजरने पाकिटावर तारीख-सहीनिशी लिहून ठेवायचं. जबाबाची मुदत गेली तर तक्रारदाराने लिहिलेली हकिकत बिनविरोध उभी राहते. मग उरतो तो कायद्याचा मुद्दा आणि युक्तिवाद.

अधिकारक्षेत्राचंही गणित बदललं आहे. रक्कम आता मागितलेल्या नुकसानभरपाईवरून ठरत नाही, मोबदला म्हणून दिलेल्या पैशावरून ठरते, आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतचं सगळं जिल्हा आयोगात. पन्नास लाखांचं बिल क्वचितच होतं, म्हणून दोन कोटींची मागणी असलेली तक्रारही जिल्ह्यातच चालते. शिवाय तक्रारदार स्वतः जिथे राहतो तिथे तक्रार करू शकतो. नाशिकला रुग्ण येतात धुळे, नंदुरबार, जळगावहून. म्हणजे ऑपरेशन गंगापूर रोडला आणि तारीख नंदुरबारला, अशी पाळी येते. फी ठरवताना हे विसरू नका.

एका मृत्यूवरून चार ठिकाणी चौकशी सुरू होऊ शकते: ग्राहक आयोग, पोलीस, महाराष्ट्र वैद्यक परिषद आणि महापालिकेचा वैद्यकीय विभाग. आयोग भरपाई बघतो, पोलीस गुन्हा बघतात, परिषद फक्त त्या डॉक्टरची नोंदणी आणि वर्तन बघते, महापालिका हॉस्पिटलचा परवाना बघते. चारही ठिकाणी उत्तरं वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या घाईत लिहिली की केस तिथेच हातची गेली. पोलिसांना दिलेल्या जबाबात डॉक्टर म्हणतात 'मी लगेच आलो', परिषदेला लिहितात 'फोनवरून सूचना दिल्या', आणि सिस्टरच्या नोंदीत येण्याची वेळ पहाटे ३.४० आहे. समोरचा वकील काही न करता हे तीन कागद शेजारी ठेवतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: पहिल्या दिवशी घटनाक्रमाचा तक्ता करायचा. चार रकाने पुरतात: वेळ, काय घडलं, कोणी केलं, कोणत्या कागदावर आहे. चौथा रकाना रिकामा राहिला ती ओळ उत्तरात ठामपणे लिहायची नाही. तक्त्यासाठी मूळ इनडोअर पेपर (भरती रुग्णाची फाइल), सिस्टरच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भूलतज्ज्ञाचा चार्ट, ऑपरेशन थिएटरचं (ओटी) रजिस्टर, आयसीयूचा तासागणिक चार्ट, प्रयोगशाळेचे अहवाल, रक्तपेढीच्या पावत्या, मेडिकलची बिलं आणि रेफर करणाऱ्या हॉस्पिटलची चिठ्ठी एवढं लागतं. मेडिकलच्या बिलाकडे वकील बघतच नाहीत. पेपरवर इंजेक्शन रात्री दहाला दिल्याचं लिहिलेलं असतं आणि बिल साडेअकराचं असतं. ते ट्रॉलीतल्या साठ्यातून दिलं असेल तर तशी नोंद शोधा. नसेल तर हा प्रश्न उलटतपासणीत येण्याआधी तुम्ही विचारलेला बरा.

घड्याळांचंही तसंच. ओटीतलं भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, रक्तातले वायू तपासणारं यंत्र आणि सीसीटीव्ही यांची वेळ क्वचितच जुळते. तफावत असेल तर ती घटनेनंतर लगेच मोजून लिहून ठेवा, कारण वर्षभराने ती सिद्ध करता येत नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी दोन ते चार आठवड्यांत स्वतःवरच पुसलं जातं. ते लगेच वेगळं काढून घ्यायचं आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक), तेव्हाच करून ठेवायचं.

मूळ फाइलच्या प्रत्येक पानावर क्रमांक टाकून ती कपाटात, आणि काम छायाप्रतीवर. पेपरमध्ये नंतर भर घालण्याचा मोह डॉक्टरांना होतोच. 'एवढीच एक ओळ राहिली' असा फोन येईल. राहिलेली नोंद करायचीच असेल तर ती शेवटी, आजची तारीख-वेळ घालून, 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिहून आणि सही करून. मधल्या रिकाम्या जागेत घुसवलेली ओळ शाईवरून, हाताच्या वळणावरून आणि बहुतेक वेळा नातेवाइकांकडे आधीच असलेल्या छायाप्रतीवरून उघडी पडते. त्यानंतर उपचार कितीही योग्य असले तरी कोणी ऐकत नाही. पेपरमध्ये तुटी असलेली केस लढता येते. खोडसाळपणा दिसलेली केस वाचवता येत नाही.

कागदपत्रं मागितली तर? २००२ च्या आचारसंहिता नियमांप्रमाणे नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायच्या. मागणीची पोच देऊन नोंद रजिस्टरमध्ये करायची. 'बिल भरल्याशिवाय पेपर देत नाही' हे उत्तर डॉक्टरांच्या तोंडून निघण्याआधी थांबवा. तीन वर्षं ही किमान मुदत आहे. एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसेस), प्रसूती आणि नवजात बाळांच्या फाइली जास्त काळ जपायला सांगा, कारण अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) व्यक्तीच्या बाबतीत तक्रारीची मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते असा मुद्दा येतो.

आता पक्षकार कोण, हा प्रश्न. दिवाणीत तो फारसा पडत नाही; इथे पहिल्याच भेटीत पडतो. ऑपरेशन केलं व्हिजिटिंग सर्जनने, भूल दिली बाहेरच्या भूलतज्ज्ञाने, रात्री बघितलं आरएमओने (निवासी डॉक्टरने), हॉस्पिटल तिसऱ्याचंच. तक्रारीत चौघेही सामनेवाले. सगळे म्हणतात, 'साहेब, आपण एकत्रच आहोत, वकीलपत्र तुम्हीच घ्या.' घेण्याआधी चौघांची हकिकत वेगवेगळी ऐका. सर्जन म्हणाला 'रक्तस्राव होतोय हे सिस्टरने कळवलंच नाही' आणि सिस्टर म्हणाली 'तीनदा फोन केला', तर इथे हितसंबंध भिडलेत. तुम्ही फक्त हॉस्पिटलचे वकील राहायचं आणि सर्जनने वेगळा वकील द्यायचा. आज ऐकलेली गोष्ट उद्या त्याच माणसाविरुद्ध वापरायची वेळ आली तर बार कौन्सिलचे नियम आड येतात, आणि मग कोणाचंच काम करता येत नाही. हॉस्पिटलने 'ते बाहेरचे डॉक्टर होते' असं म्हणून हात झटकायचा बचाव साधारणपणे टिकत नाही. सविता गर्ग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून तक्रार पडत नाही, खुलासा हॉस्पिटलने द्यायचा, असं म्हटलं आहे. त्यामुळे कन्सल्टंटशी लेखी करार हवा. त्यात वेळेवर येण्याची जबाबदारी, नोंदी स्वतः लिहिण्याची अट, स्वतःचा व्यावसायिक विमा आणि केस झाली तर कोण किती सोसणार हे असावं. हा करार रुग्णाला बांधत नाही, हॉस्पिटल आणि कन्सल्टंट या दोघांना बांधतो.

विम्याची पॉलिसी त्याच दिवशी मागवा. या पॉलिसी सहसा दावा आला त्या काळावर चालतात, घटना घडली त्या काळावर नाही. म्हणून मधे एक वर्ष खंड पडला किंवा कंपनी बदलताना ज्या जुन्या तारखेपासून संरक्षण मोजलं जातं ती तुटली तर संरक्षण जातं. वकिलाची नोटीस आली तरी कंपनीला लगेच लेखी कळवायचं. तक्रार दाखल व्हायची वाट बघायची नाही. आणि कंपनीच्या संमतीशिवाय तडजोडीचा आकडा उच्चारायचा नाही. डॉक्टरची पॉलिसी आणि हॉस्पिटलची पॉलिसी वेगळ्या असतात. आरएमओ, सिस्टर, टेक्निशियन हॉस्पिटलच्या पॉलिसीत आहेत का ते वाचून बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

संमतीपत्राबद्दल बोलायचं तर नर्सिंग होममधले छापील फॉर्म बहुतेक एकाच साच्यातले असतात: इंग्रजी, सर्वसमावेशक, आणि म्हणून निरुपयोगी. समीरा कोहली प्रकरणाने (२००८) एवढं स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनची संमती होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना 'उघडलंच आहे तर हेही काढून टाकू' चालत नाही. फॉर्ममध्ये त्या ऑपरेशनचं नाव, त्याचे नेहमीचे आणि गंभीर धोके, पर्याय, आणि ऑपरेशन न केल्यास काय होईल हे हवं. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची सही हवी; नवऱ्याची किंवा मुलाची सही तिच्या जागी चालत नाही, ही चूक प्रसूतिगृहांत सर्रास होते. भाषेचा मुद्दा नाशिकमध्ये खरा आहे. सुरगाणा-पेठकडचा रुग्ण कोकणा बोलतो, मालेगावचा उर्दू, सातपूर-अंबडचा कामगार हिंदी. कोणत्या भाषेत आणि कोणी समजावलं ते लिहून त्या माणसाची सही घ्यायची. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेत ती अपयशी ठरू शकते हे वाक्य असलंच पाहिजे. नुसत्या अपयशावरून निष्काळजीपणा ठरत नाही असं शिवराम प्रकरण (२००५) सांगतं, पण ते वाक्य फॉर्मवर असेल तर डॉक्टरला ते सांगत बसावं लागत नाही.

रात्री मृत्यू झाला आणि नातेवाइकांनी गोंधळ घातला की तुम्हाला फोन येणार. पहिला सल्ला: मृत्यूचं कारण उलगडत नसेल तर पोलिसांना कळवा आणि शवविच्छेदन करून घ्या. डॉक्टरांना वाटतं शवविच्छेदन आपल्या विरुद्ध जाईल. बहुतेक वेळा ते नसल्यानेच नुकसान होतं, कारण मग कारणाबद्दल कोणीही काहीही म्हणू शकतो. नातेवाईक नको म्हणाले तर लेखी नकार घ्या, पण संशयास्पद मृत्यूत तो नकार पुरत नाही. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' एवढंच लिहू देऊ नका. हृदय बंद पडणं हा मृत्यूचा प्रकार झाला; मृत्यूचं मूळ कारण त्यातून कळतच नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी तो मार्ग बंद केला आहे.

गुन्ह्याच्या बाजूने जेकब मॅथ्यू निकाल (२००५) अजून आधार आहे: डॉक्टरवर गुन्हा चालवायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. प्रत्यक्षात ते मत जिल्हा रुग्णालयाच्या समितीकडून येतं. समितीपुढे जाणाऱ्या कागदांचा संच पूर्ण आहे की नाही हे तुम्ही बघायचं, कारण पोलीस हाताला लागतील तेवढेच कागद पाठवतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, लागू आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला त्यात कमाल दोन वर्षं, इतरांना पाच. इथे एक बारीक गोष्ट सुटते. या सवलतीसाठी लागणारी पात्रता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालची आहे. म्हणजे बीएएमएस, बीएचएमएस आरएमओ आणि सिस्टर त्यात बसत नाहीत. रात्रपाळी तर नेमकी त्यांच्याच हातात असते. १०६(१) जामीनपात्र आहे. पण जमावाच्या दबावाखाली कलम १०५ (सदोष मनुष्यवध) लावलं गेलं तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार हवा. खासगी फिर्याद आली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी आरोपीला ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी ही संधी नव्हती; तिथे जेकब मॅथ्यूचा मुद्दा पूर्ण ताकदीने मांडा.

तोडफोड झाली तर २०१० चा राज्याचा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. दुप्पट मिळवायची तर पंचनाम्यात फुटलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव आणि खरेदीचं बिल लागतं. 'हॉस्पिटलचे मोठे नुकसान केले' या वाक्याला किंमत नाही.

सोनोग्राफी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलसाठी सर्वांत धोकादायक कायदा मात्र गर्भलिंगनिदान प्रतिबंधाचा आहे, कारण तिथे कागद अपुरा राहणं हाच गुन्हा समजला जातो. फॉर्म एफमधली (गर्भवतीच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) त्रुटी म्हणजे उल्लंघन, आणि ते नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. 'कारकुनी चूक आहे, सौम्य घ्या' ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या याचिकेत फेटाळली. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जातो का, फॉर्मवर सोनोग्राफी करणाऱ्याचीच सही आहे का, कारणाचा रकाना भरलाय का, नोंदणी पाच वर्षांनी संपतेय तर अर्ज ३० दिवस आधी गेला का, हे तीन महिन्यांतून एकदा स्वतः बसून तपासा. तपासणी पथक आलं तर जप्तीची यादी दोन प्रतींत तिथेच होते. एक प्रत घेतल्याशिवाय सही नाही. निलंबनाविरुद्ध अपिलाला ३० दिवस. आणि दोषारोप निश्चित झाला की परिषदेकडे नाव जाऊन डॉक्टरची नोंदणी केस संपेपर्यंत निलंबित होऊ शकते, म्हणून खरी लढाई दोषमुक्तीच्या अर्जावर असते. खटल्याच्या शेवटी निर्दोष सुटणाऱ्या डॉक्टरची मधली वर्षं कोणी परत देत नाही.

बाकी परवान्यांचं एक पानी कॅलेंडर करा. नर्सिंग होम नोंदणी तीन वर्षांची, ३१ मार्चला संपणारी. अग्निशमनाचं ब प्रमाणपत्र (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं) जानेवारी आणि जुलैत. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत, कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर धर्मादाय योजनेच्या निर्धन आणि दुर्बल घटकांसाठीच्या दहा-दहा टक्के खाटा आणि निर्धन रुग्ण निधीच्या दोन टक्क्यांचा हिशेब. ऑक्सिजन टाकीच्या देखभालीचा करार वाचायला मागा: २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण गेले, तेव्हापासून देखभाल कोणाची आणि रात्री कोण हजर असेल हे कलम या शहरात कोणी हलकं घेऊ नये.

शिकायचं कुठे? बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा वैद्यकीय कायद्याचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, करायला हरकत नाही. त्याआधी मात्र बंद झालेल्या, नावं झाकलेल्या दहा फाइली एखाद्या ओळखीच्या फिजिशियनसोबत बसून वाचा. रक्तदाब घसरण्याचा कल, लघवीचं प्रमाण, श्वासाची गती एवढं वाचता आलं की पुढची अर्धी उलटतपासणी सुचते. आयोगात पुरावा मुख्यतः शपथपत्रावर चालतो, म्हणून त्याच शाखेच्या तज्ज्ञाचं शपथपत्र लवकर मिळवा. त्याने 'उपचार योग्य होते' एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या वेळी काय दिसत होतं आणि त्यावर काय करणं मान्य आहे, हे पानांच्या क्रमांकासह हवं.

काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) नाशिक शाखेत किंवा एखाद्या नर्सिंग होमच्या सिस्टर-आरएमओंसमोर नोंदींवर तासभर बोलता येतं, आणि त्याचा उपयोग जास्त होतो. विमा कंपन्यांच्या पॅनेलवर नाव लावून घ्या; फी कमी, पण केसेस नियमित. मात्र पॅनेलवर असताना त्या कंपनीविरुद्ध कॅशलेस नाकारल्याची केस घेता येत नाही, हे आधी मोजा.

फी दोन भागांत ठेवा: दरमहा ठरावीक रक्कम, त्यात कागद तपासणी, करार, नोटिसांना उत्तरं आणि रात्रीचे फोन; आणि प्रत्येक केसची वेगळी फी, बाहेरच्या जिल्ह्याच्या तारखेसह. निकालावर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलची मनाई आहे. केस हरली तर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत आणि हुकमाच्या रकमेच्या निम्मी रक्कम भरून होतं. ही निम्मी रक्कम कंपनी भरणार की हॉस्पिटल, हे फीच्या पत्रातच लिहून ठेवा. आणि एखाद्या हॉस्पिटलने पूर्ण वेळ पगारावर विधी अधिकारी म्हणून बोलावलं तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिलीची सनद स्थगित करावी लागते. कोर्टात उभं राहायचं असेल तर पगार नको, रिटेनर (दरमहाची ठरावीक फी) मागा.